हुशार मुलांचं निवासी उन्हाळी शिबिर, नागपूर: गटताई-गटदादाचं काम नेमकं काय असतं?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मे महिन्यात हिंगणा रोडकडच्या एका निवासी शिबिरात गटताई म्हणून काम करायचं ठरतंय. सातवी ते नववीची साठ मुलं-मुली, परीक्षा घेऊन निवडलेली. बारा दिवस. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ येणार. माझ्याकडे दहा मुलींचा गट आणि त्यांचा 'बाकीचा वेळ'. हा बाकीचा वेळ म्हणजे काय, ते संयोजकांनी पत्रकात दोन ओळींत उरकलंय. दिवस कसा आखायचा, दुपारी काय करायचं, मुली रडल्या-भांडल्या तर काय, आणि इथलं ऊन? जाणकारांनी नेमकं सांगा. 'खूप शिकायला मिळतं' एवढं नको.

वाळ्याचीताटी
तो बाकीचा वेळ म्हणजेच तुमचं काम. तज्ज्ञांची सत्रं धरून दिवसाचे सव्वाचार तास होतात, उरलेले सगळे तास मुली तुमच्या ताब्यात. त्यात नागपूरच्या मे महिन्यातला सगळ्यात जड तुकडा दुपारी साडेबारा ते साडेपाच. पुण्याकडचं वेळापत्रक उचलून इथे चिकटवलं की तो बोकांडी बसतो. कागदावर चार वाजता मैदान असतं आणि बाहेर ४४ अंश.

मेच्या मध्याला इथे सूर्य ५:३५ च्या सुमारास उगवतो आणि पावणेसातला मावळतो. म्हणून दिवसाची दोन्ही टोकं मैदानाला द्यायची, मधलं सगळं भिंतीआड. सव्वापाचला उठवणं, ५:४५ ते ७:१५ मैदान, मग आंघोळ-नाश्ता. ८:१५ ते ११:१५ दोन सत्रं, मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी. पावणेबाराला जेवण. १२:३० ते २ आडवं व्हायचं. झोप लागलीच पाहिजे असं नाही, पण पाठ टेकलेली हवी. २ ते ३:३० तिसरं सत्र. ३:३० ते ५:३० पूर्ण तुमचे. साडेपाचला पन्हं, ६ ते ७:१५ पुन्हा मैदान, आठला जेवण, त्यानंतर आकाश किंवा गप्पा, साडेनऊला गटाची बैठक, दहाला दिवे बंद.

ते दुपारचे दोन तास 'उपक्रमांनी' भरायला जाऊ नका. हॉलचे तीन कोपरे करा. एकात चिंचोके, पत्ते, कोडी. दुसऱ्यात पुठ्ठा, कात्री, सुतळी. तिसऱ्यात काहीच नाही, फक्त गाद्या आणि पुस्तकं. या तिसऱ्या कोपऱ्यावर संयोजकांचा डोळा असतो, 'ही पोरं नुसती पडून आहेत' म्हणून. तो मोडू देऊ नका. सकाळपासून डोकं आणि माणसं दोन्ही झेललेल्या मुलीला तासभर कुणाशीही न बोलता बसायची जागा लागते. ती जागा नसली की मुलगी बाथरूममध्ये जाऊन बसते, आणि मग अर्धं शिबिर तिला शोधतं.

दहा जणींमागे सामान: दहा पाट्या (नसतील तर लॅमिनेट केलेले कोरे कागद, मार्कर आणि जुन्या कापडाचे तुकडे), अर्धा किलो चिंचोके, पत्त्यांचे दोन कॅट, चार कात्र्या, आलेख कागद, दोन कोनमापक, एक ओळंबा, सुतळीचं बंडल, टॉर्च, शिट्टी आणि स्वतःची वही. दहा कात्र्या दिल्या की दहा जणी एकेकट्या काम करतात. चार दिल्या की आपोआप एकमेकींशी बोलायला लागतात.

आणि मानधन ठरवताना दर तीन दिवसांनी अर्धा दिवस मोकळा मागून घ्या, लेखी. सातव्या-आठव्या दिवशी गटताईचा आवाज चढायला लागतो, तो झोप कमी पडल्यामुळे.

नववीचागट
वेळापत्रक बरोबर. मी डोक्याच्या बाजूचं लिहितो, कारण या शिबिराचा वेगळेपणा तिथे आहे.

ही मुलं आपापल्या शाळेत पहिली येणारी. असे साठ पहिले एका छताखाली बसले की एकोणसाठ जणांना कळतं, आपण पहिले नाही. बहुतेकांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा होतं आणि त्याची लक्षणं 'मला वाईट वाटतंय' अशा शब्दांत येत नाहीत. नेमकी गणिताच्या सत्राआधी पोटदुखी. 'मला येतं हे, पण मूड नाही.' वहीत लिहिलेलं हाताने झाकणं, खोडरबराने पान फाटेस्तोवर पुसणं. दुसऱ्याच्या उत्तरातली चूक शोधत बसणं. पहिल्या तीन दिवसांत हे दिसलं तर आळस किंवा आगाऊपणा समजू नका.

उपाय भाषणाचा नाही, रचनेचा आहे. तोंडी प्रश्नोत्तरं बंद करा, पाट्या वापरा. प्रश्न विचारायचा, दीड मिनिट पूर्ण शांतता, मग सगळ्यांनी एकदम पाटी वर. ज्याला चार सेकंदांत येतं त्याने ओरडून बाकी नऊ जणांचा विचार थांबवायचा नाही. आणि त्याच्यासाठी त्याच प्रश्नाचा पुढचा मजला तुमच्या खिशात तयार हवा. 'तुझं झालं ना, मग तिला समजाव' हे रोज केलं तर तो फुकटचा मास्तर होतो आणि ती कायमची 'न येणारी' ठरते. त्याला आणखी दहा तशीच गणितंही देऊ नका, ती त्याला शिक्षा वाटते.

पुढचा मजला म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. प्रसिद्ध कोडं: १०० बंद कपाटं, १०० मुलं. पहिला प्रत्येक कपाट उघडतो, दुसरा दर दुसऱ्याची स्थिती बदलतो, तिसरा दर तिसऱ्याची, असं शंभरपर्यंत. शेवटी उघडी कोणती? दहाच्या गटात १ ते २० आकड्यांचे कागद जमिनीवर पालथे मांडा आणि प्रत्यक्ष उलटवा. १, ४, ९, १६ सुलटे राहतात. वर्गसंख्यांच्या विभाजकांची संख्या विषम असते, कारण वर्गमूळ स्वतःशीच जोडी करतं. हे अनेकांनी आधी कुठेतरी वाचलेलं असतं आणि ते लगेच उत्तर सांगतात. तेव्हा विचारायचं: फक्त विषम क्रमांकाची मुलं गेली तर? आता पाठ केलेलं चालत नाही. फक्त विषम विभाजक मोजायचे असल्याने २ चे सगळे घात बाजूला पडतात आणि उघडी राहतात वर्गसंख्या आणि वर्गांच्या दुपटी: १०० पर्यंत १० अधिक ७, एकूण १७. इथे शाळेतला पहिला आणि कधीच पहिला न आलेला एकाच जागी अडकतात. तुम्हाला तेच हवं असतं.

चिंचोक्यांचंही तसंच. २१ चिंचोके, एका वेळी १, २ किंवा ३ उचलायचे, शेवटचा उचलेल तो जिंकला. पहिल्याने १ उचलून पुढे दर वेळी चारच्या पटीत शिल्लक ठेवली की तो हरत नाही. हे कुणाला तरी अर्ध्या तासात सापडतं. मग 'शेवटचा उचलेल तो हरला' करा. आता समोरच्यासाठी १, ५, ९, १३, १७ ठेवावे लागतात आणि २१ वर सुरुवात करणाराच अडचणीत येतो. तिसऱ्या दिवशी मुलं स्वतः नियम बदलायला लागतात, दोन ढीग करतात, पाचपर्यंत उचलायची मुभा देतात. तिथून पुढे तुम्ही गप्प बसायचं.

कौतुक करताना 'हुशार आहेस' म्हणू नका, ते घरी रोज मिळतं. 'तू आधी लहान आकड्यावर करून पाहिलंस' असं, जे केलं तेच सांगा.

निकालपत्रक
हे सगळं फार गोड वाटतंय. रोज चाचणी घ्या, गुणवत्ता यादी लावा. या मुलांना पुढे जेईई-नीट द्यायचीच आहे, तिथे पाट्या वर करत नाहीत. पालक पैसे कशाचे भरतात? यादी पाहून चुरस वाढते, हे कुठल्याही क्लासवाल्याला विचारा.

नववीचागट
@निकालपत्रक, क्लासला दोन वर्षं असतात, तिथे आजचा चाळिसावा सहा महिन्यांत वर येऊ शकतो. बारा दिवसांत क्रम जवळपास हलतच नाही. दुसऱ्या दिवशीची यादी बाराव्या दिवशी तशीच दिसते. मग वरचे पाच जण ती सांभाळायला सोपे प्रश्न निवडतात आणि खालचे वीस जण प्रयत्नच सोडतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. निवड परीक्षा इयत्तेच्या पातळीची असते, तिच्यात सगळ्यांनाच ९० च्या वर मिळतात आणि सगळे सारखे दिसतात. प्रत्यक्षात फरक प्रचंड असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा सातवी-आठवीच्या वयाच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा दिली. शाळेच्या परीक्षेत एकसारखी वर असलेली मुलं तिथे खालपासून वरपर्यंत पसरली. तुमच्या साठांतही एखादी मुलगी अकरावीचं सहज करणारी असेल आणि एखादा नेटाने सातवीचंच पक्कं केलेला असेल. दोघांना एका यादीत घालून कुणाचंच भलं होत नाही.

चाचणी घ्यायचीच तर पहिल्या दिवशी एक घ्या, गुण कुणालाच सांगू नका, गट पाडायला वापरा. भिंतीवर यादीऐवजी 'अडलंय' फळा लावा. ज्याला जे अडलं ते नावासकट लिहायचं, सोडवणाऱ्याने शेजारी फक्त इशारा लिहायचा, उत्तर नाही. फळ्यावर पहिलं 'अडलंय' एखाद्या गटदादाने किंवा तज्ज्ञाने लिहावं, नाहीतर दोन दिवस तो कोराच राहतो.

झाडीपट्टी
एक गोष्ट सुटून राहिली. मुलं फक्त नागपूर शहरातली नसतात. गोंदिया, गडचिरोली, भंडाऱ्याकडची मराठी माध्यमाची येतात आणि त्यांच्याच खोलीत शहरातली इंग्रजी शाळेतली. पहिल्या संध्याकाळी 'काहून' म्हटलं की हसणारं कुणीतरी निघतंच. खोल्या पाडताना एका शाळेची दोनपेक्षा जास्त मुलं एकत्र ठेवू नका, गावावरून तर गट पाडूच नका. प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत द्या आणि पारिभाषिक शब्दांची जोडयादी भिंतीवर लावा: मूळ संख्या, प्राइम नंबर, लसावि, एलसीएम, वेग, व्हेलॉसिटी. अर्ध्या पानाचं काम आहे. त्याच्याविना एखादं पोट्टं आठवडाभर गप्प बसतं आणि तुम्ही वहीत 'लाजाळू' लिहून मोकळे होता.

अक्षर वाईट, लिहायला फार वेळ, पण तोंडी झरझर सांगणारी मुलंही असतील. त्यांचं तोंडी ऐका. वाचन-लेखनाची अडचण आणि तल्लख डोकं एकाच मुलात असू शकतं. शाळेत अशा मुलांना बहुतेक 'निष्काळजी' शेरा मिळालेला असतो.

कूलरवाला
माझा विषय मशिनरीचा, पण इथे तोच जीव वाचवतो.

वसतिगृहात एसी नसतो, मोठे लोखंडी कूलर असतात. कूलर गार करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने, म्हणून बाहेरची कोरडी हवा आत यायला आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट लागते. कूलर खिडकीत, तोंड आत, ताट्या बाहेरच्या बाजूला; आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं. मुलं 'गार हवा बाहेर जाते' म्हणून सगळं बंद करतात. अर्ध्या तासात खोली दमट होते, घाम वाळत नाही, डोकी दुखतात, आणि मग कूलर बिघडला म्हणून मला फोन येतो. ढगाळ हवेत, वळवाचं वातावरण झालं की कूलर काम करणार नाही. त्या दिवशी पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. पहाटे दोन-तीन वाजताही पंप बंदच करा, नाहीतर कूलरच्या तोंडाशी झोपलेली पोरं सकाळी नाक गळत उठतात.

आता शॉक. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं दगावतात. लोखंडी बॉडी, आत पाणी, त्यात बुडालेला पंप, आणि भरायला येणारं मूल अनवाणी, ओल्या फरशीवर. पंपाच्या वायरचं इन्सुलेशन गेलं की सगळी टाकी जिवंत होते. शिबिर सुरू व्हायच्या आधी संयोजकांकडून चार गोष्टी करवून घ्या. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून तो पडतो का ते पाहा. लोखंडी खाट कूलरला टेकलेली नको. आणि बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढूनच पाणी भरायचं. तेही कर्मचाऱ्याने, पायात रबरी चप्पल घालून. मुलांनी कूलरला हात लावायचाच नाही. हुशार मुलांच्या बाबतीत हे दोनदा सांगा. त्यांना पंप कसा चालतो ते बघायचं असतं. बघू द्या, प्लग काढून, टाकी रिकामी करून, दिवसा. दाखवलं की रात्री चोरून उघडत नाहीत.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी, घासून कोरडी. डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात.

दवापाणी
वरच्याला जोडून उन्हाचं.

प्रत्येकीकडे एक लिटरची बाटली. ती दिवसातून निदान तीनदा रिकामी व्हायला हवी: मैदानानंतर, अकरापर्यंत, पाचपर्यंत. 'पाणी प्या' ओरडून कुणी पीत नाही, सत्र सुरू होताना सगळ्यांनी चार घोट हा नियम करा. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा जळजळ होत असेल तर ताईला सांगायचं, हे पहिल्याच दिवशी न लाजता सांगून टाका. मुली बाहेरचं बाथरूम टाळायला पाणीच कमी पितात, म्हणून बाथरूम स्वच्छ ठेवणं हाही उन्हावरचाच इलाज आहे.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून द्यायचं नाही. मिठाचं प्रमाण वाढतं आणि उलटी होते. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ओआरएससारखी नावं लावलेले गोड टेट्रापॅक त्याच्या जागी चालत नाहीत.

गळून जाणं, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम: सावलीत आडवं करा, पाय वर, कपडे सैल, ओआरएस घोट-घोट. पण मूल बरळायला लागलं, नीट चालेना, झटका आला, अंग ४० अंशांच्या वर तापलं, तर तो उष्माघात. १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप संसर्गाचा नाही. आणि खिशातल्या कांद्यावर विसंबू नका. मैदानात डोक्याला दुपट्टा किंवा टोपी असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, गटताईसुद्धा.

पाटीपेन्सिल
बापरे, कूलरचं डोक्यातच नव्हतं. आता रात्रीचं सांगा. पहिल्यांदाच घर सोडून राहणाऱ्या मुली असतील तर? आणि मोबाइलचं काय करतात?

वाळ्याचीताटी
घरची आठवण पहिल्या दोन-तीन रात्री जास्त. दिवसभर व्यवस्थित असलेली मुलगी दिवे बंद झाल्यावर रडते. म्हणून घरच्या फोनची वेळ कधीही रात्री ठेवू नका. झोपायच्या आधी आईचा आवाज ऐकला की सगळं पुन्हा वर येतं, आणि आईही तिकडे जागी. साडेपाचला पन्ह्याच्या वेळी, पाळीपाळीने पाच-पाच मिनिटं, व्हरांड्यात. लगेच मैदान असतं, रडायला वेळ मिळत नाही. मुलींचे मोबाइल पहिल्या दिवशी नाव लावलेल्या पाकिटात, कुलपात.

'दोन दिवस राहून बघ, नाहीतर नेऊ' असं वचन पालकांना देऊ देऊ नका. मूल मग ते दोन दिवस मोजत बसतं, रमत नाही. पालकांना सांगायचं वाक्य साधं ठेवा: ती आत्ता रडतेय, जेवली आहे, शेजारी अमुक मुलगी झोपलीय, उद्या नाश्त्यानंतर मी स्वतः फोन करते. आणि तो फोन करायचाच. तीन दिवसांनंतरही जेवण सुटलेलं असेल, झोप नसेल, तर ओढून धरू नका, घरी पाठवा.

दिवे दहाला, पण ही मुलं सगळी झोपत नाहीत. अर्ध्यांचं डोकं दिवसभरातल्या कोड्यावर चालू असतं. साडेदहापर्यंत टॉर्चवर वाचायला परवानगी द्या, बोलायला नाही. कूलरच्या आवाजाने हैराण होणारी एखादी असते. तिची गादी लांबच्या भिंतीला, कानात कापूस, तेवढ्याने भागतं.

अंथरूण ओलं होणं नववीतही होतं. सगळ्याच गाद्यांना रेक्झिनचं कव्हर घाला, म्हणजे एकीचीच वेगळी दिसत नाही. जास्तीच्या चादरी तुमच्या खोलीत, पहाटे न बोलता बदला. सॅनिटरी पॅड बाथरूमच्या फळीवर उघडे ठेवा. मागावे लागले तर मागत नाहीत.

औषधं पालकांच्या सहीच्या चिठ्ठीसकट तुमच्या कुलपात. दिलं की वेळ आणि सही. दम्याचा पंप मात्र मुलीजवळच. तो कुलपात ठेवायचा नसतो.

साडेनऊच्या बैठकीत 'दिवस कसा गेला' विचारलं की 'छान' मिळतं. 'आज कुठे अडलीस?' विचारा, आणि दहाही जणींना बोलायची सक्ती करू नका. बैठकीनंतर वहीत प्रत्येक मुलीपुढे एक ओळ लिहा: काय खाल्लं, कुणाशी बोलली, काय वेगळं. चौथ्या दिवशी वही चाळली की एकीच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही असं दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या शेजारी बसा.

कलमदान
कायद्याची बाजू कुणीच लिहिली नाही, म्हणून.

कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही. वेगळं बोलायचं असेल तर दार उघडं, किंवा इतरांच्या नजरेत पण ऐकू न येईल अशा ठिकाणी. रात्री हॉलमध्ये दोन मोठी माणसं, मुलींच्या हॉलमध्ये दोन्ही स्त्रिया. शिबिराच्या स्वयंपाकी, वॉचमन, ड्रायव्हरसकट सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे आधी विचारा. हे विचारलं म्हणून नाक मुरडणाऱ्या शिबिरात जाऊ नका.

मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, किंवा तुम्हाला तशी शंका आली, तर पॉक्सो कायदा, २०१२, कलम १९: माहिती असलेल्या किंवा शंका असलेल्या व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. 'संचालकांना सांगितलं' एवढ्याने तुमची जबाबदारी संपत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत. मुलाची उलटतपासणी करू नका, 'मी कुणालाच सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. ऐका, त्याच्याच शब्दांत वेळ घालून लिहा, कळवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय गटाबाहेर नाही. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही नाही.

ओळंबा
इतकं सगळं गंभीर झालंय, आता नागपुरातच करता येईल असा एक प्रयोग घ्या. मे महिन्यात इथलं ऊन हे शत्रू असलं तरी उपकरणही आहे.

नागपूरचं अक्षांश सुमारे २१.१५ उत्तर. सूर्य उत्तरेकडे सरकत २६ मेच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस. शिबिर तोपर्यंत संपलं तरी हरकत नाही, उलट गणित जास्त रंगतं. १५ मेला सूर्याची क्रांती (म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला आहे ते) साधारण १८.८ अंश असते. एक मीटर उभ्या काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ४.१ सेंटिमीटर पडते, उत्तरेकडे. सावली भागिले काठी, म्हणजे ०.०४१; कॅल्क्युलेटरवर त्याचं व्यस्त टॅन घेतलं की २.३५ अंश. त्यात १८.८ मिळवा: २१.१५. मुलांनी काठी आणि फूटपट्टीवर नागपूरचं अक्षांश काढलं.

मध्यान्ह बारा वाजता नसते, हे आधी सांगू नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, नागपूर ७९.१ वर. फरक ३.४ अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणून सूर्य इथे साडेतेरा मिनिटं उशिरा माथ्यावर. मेमध्ये सूर्य घड्याळाच्या तीन-साडेतीन मिनिटं पुढे असतो, ते वजा केलं की १२:१०. सर्वात लहान सावली १२:१० ला का आली, यावर दुपारचे दोन तास सहज जातात.

कसं करायचं: गच्चीच्या दाराशी, जिथे मुलं सावलीत आणि काठी उन्हात राहील अशी जागा. काठोकाठ वाळू भरलेल्या बादलीत सरळ पाइप असा उभा करा की वाळूच्या वर बरोबर एक मीटर राहील, दोन बाजूंनी ओळंबा लावून तपासा. इथेच सगळे चुकतात: काठी एक अंश कलली की सावली पावणेदोन सेंटिमीटरने बदलते, म्हणजे उत्तर गेलं. वाळूवर पाइपच्या बुडाशी आलेख कागद, चारही कोपरे दगडाने दाबलेले. ११:५० पासून दर पाच मिनिटांनी टोकाची खूण, १२:३० पर्यंत. ११:५० ला सावली नऊ सेंटिमीटरच्या आसपास असेल. टोक धूसर दिसतं, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे. गडद आणि फिक्या कडांचा मध्य धरा. खूण करायला दोघी-दोघी, दोन मिनिटांपेक्षा जास्त उन्हात कुणी नाही, टोपीसकट. सूर्याकडे वर बघायचं नाही, हे तीनदा सांगा.

रात्री पावणेनऊला सप्तर्षीच्या शेपटीची कमान पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. आग्नेयेला तांबडी ज्येष्ठा वर येत असते. शहराचा उजेड आणि धूळ असली तरी एवढे तारे दिसतात, हिंगण्याकडून तर नक्की.

निकालपत्रक
अक्षांशाचं छान आहे, हे मान्य. पण नागपुरातला झिरो माईलचा स्तंभ देशाचा मध्य आहे की नाही, यावर मुलं भांडतात, त्यांना काय सांगायचं?

ओळंबा
@निकालपत्रक, काहीच सांगू नका, पुठ्ठा द्या. भारताचा नकाशा चिकटवून कापायचा, कडेला तीन ठिकाणी भोकं पाडून एकेका भोकातून टांगायचा, प्रत्येक वेळी ओळंब्याची रेघ मारायची. रेघा जिथे छेदतात तो मध्य. मग एका गटाने बेटं धरली आणि दुसऱ्याने सोडली तर काय होतं, नकाशाच्या प्रक्षेपणाने काय होतं, आणि 'मध्य' म्हणजे नेमकं काय, यावर भांडू द्या.

सहल काढायची तर रामन विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण ठीक, पण साठ जणांना एकदम नेऊ नका. वीस-वीसचे गट, प्रत्येकाला आधी दोन प्रश्न दिलेले, नाहीतर सगळे एकाच बटणाशी चेंगरतात. सकाळी लवकर सेमिनरी हिल्सवर काळा बेसाल्ट हातात घेऊन बघता येतो. नऊच्या आत परत.

चूलमूल
स्वयंपाकघरातून थोडक्यात. साठ पेले पन्हं: अडीच किलो कैऱ्या, साधारण तेवढाच गूळ, एकूण बारा लिटर. आंबटपणा बघून गूळ कमी-जास्त, मीठ-वेलची. पाणी उकळून गार केलेलं आणि बर्फ बाहेरचा नको. पोटं बहुतेक त्यानेच बिघडतात. तर्री-पोहे ठेवा, पण तर्री वेगळ्या भांड्यात. सावजीचा हट्ट बारा दिवस पुढे ढकला. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा नाही, मे महिन्यात तर मुळीच नाही.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून ठेवतेय. शेवटच्या दिवसाचं राहिलं: पालक न्यायला येतात तेव्हा?

वाळ्याचीताटी
प्रवेश अर्जावर न्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोटो असतो, तोच माणूस. काका आले असतील आणि नाव यादीत नसेल तर पालकांना फोन लावून मगच, वेळ आणि सही घेऊन. मोबाइलचं पाकीट आणि औषधं त्याच वेळी हातात. पालक हमखास विचारतात, 'आमची कितवी?' क्रमांक सांगू नका. वहीतलं एक नेमकं काम सांगा, जमलं तर मुलीसमोर.

आणि बाटल्यांवर नाव मार्करने लिहू नका, दोन दिवसांत पुसतं. पांढऱ्या मेडिकल टेपवर बॉलपेनने लिहून चिकटवा.